भूप आणि देशकार

आज गाण्याच्या क्लासमध्ये भूप आणि देशकार हे दोन राग एकापाठोपाठ घेतले. स्वर तेच पाच: सा रे ग प ध. पण भूपाचा जीव गंधारात, म्हणजे ग वर, देशकाराचा धैवतात, म्हणजे ध वर. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. वहीत हे दोन ओळींत मावतं, गळ्यात उतरायला वेळ लागतो. भूपाचा आलाप करताना एक मुलगी धैवतावर जरा जास्तच रेंगाळली आणि स्वतःच म्हणाली, "सर, हा भूप नाही राहिला." मी काहीच सांगितलं नव्हतं! इतका आनंद झाला. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सर्वांसाठी खुलं केलं, ते फार मोठं काम. पण हल्ली परीक्षांच्या घाईत ऐकणंच मागे पडतंय, याची मनापासून काळजी वाटते. पुढच्या आठवड्यात वह्या बंद, आधी सगळ्यांना तानपुरा जुळवायला शिकवणार आहे.