डिजिटल अकॉर्डियन घेतलं आणि त्याचा आवाज बसवला - माझा अनुभव

मी मूळचा पेटीवाला, भजनाला आणि सुगमच्या कार्यक्रमांना साथ करतो. अकॉर्डियनचं वेड लागलं ते जुन्या हिंदी गाण्यांमुळे. गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड, आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स, या वादकांचे अकॉर्डियनचे तुकडे ऐकून हात नुसते शिवशिवायचे. पण खरं रीडचं अकॉर्डियन म्हणजे रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या जिभा) मेणाने बसवलेल्या, आपल्याकडचा पावसाळा, आणि ट्यूनिंग करून देणारा माणूस मिळणं कठीण, म्हणून शेवटी रोलंडचं एफआर-४एक्स सेकंडहँड घेतलं. रोलंडने व्ही-अकॉर्डियन ही डिजिटल अकॉर्डियनची मालिका २००४ ला आणली, हे त्यातलंच एक मॉडेल. आत एकही रीड नाही, सगळा आवाज मॉडेलिंगने, म्हणजे खऱ्या वाद्याची डिजिटल नक्कल करून तयार होतो. उजवीकडे ३७ पट्ट्या, डावीकडे १२० बेसची बटणं.

घरी आणल्यावर सगळेच आधी व्हायोलिन, ट्रम्पेट, ऑर्गन असले आवाज वाजवून बघतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, ते सगळं बाजूला ठेवा आणि आधी भात्याचं सेटिंग लावा. पेटीत आतमध्ये स्प्रिंगवरचा भाता हवा धरून ठेवतो, त्यामुळे डावा हात थोडा मागेपुढे झाला तरी सूर हलत नाही. अकॉर्डियनला तसं मधे काहीच नाही, जेवढा दाब तेवढा आवाज. डिजिटलमध्ये हा दाब सेन्सर मोजतो आणि त्याचा आवाज किती करायचा ते बेलोज कर्व्ह नावाच्या सेटिंगवर ठरतं. लाईट ठेवलं तर थोड्याशा दाबात पूर्ण आवाज येतो, हात दमत नाही पण बारकावे जातात. हेवीमध्ये ओढावं लागतं. फिक्स्ड ठेवलं तर भाता हलो न हलो आवाज तोच, म्हणजे गळ्यात कीबोर्ड अडकवल्यासारखं, त्या नादी लागूच नका. मी लाईटवरून स्टँडर्डवर आलो आणि तिथेच थांबलो. शिवाय भात्यातून हवा किती सहज जावी त्याचा वेगळा नॉब आहे, तो थोडा आवळला तेव्हा कुठे भाता हाताला लागायला लागला. मग नुसता सा धरून लहानापासून मोठा आणि परत लहान, एवढंच करत बसायचो. हेडफोन लावून रात्रीही करता येतं, फक्त वायरवाला घ्या, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो.

त्यानंतर म्युझेट. हे समजलं आणि मला खरंच फार आनंद झाला. अकॉर्डियनचा तो थरथरता आवाज येतो कुठून, तर एकाच सुराच्या दोन रीड जराशा वेगळ्या लावलेल्या असतात, समजा एक ४४० हर्ट्झ आणि दुसरी ४४३, की सेकंदाला ३ हेलकावे ऐकू येतात. आपण पेटीत हेलकावे जाईपर्यंत ट्यूनिंग करून घेतो, इथे ते मुद्दाम ठेवतात! मेन्यूत म्युझेट डिट्यून आहे, म्हणजे दोन रीडमधला हा फरक किती ठेवायचा ते, त्यात ड्राय (थरथर अगदी कमी), इटालियन, जर्मन, फ्रेंच असे बरेच प्रकार. फ्रेंच फार थरथरतं, एकटं वाजवायला सुंदर, पण गायकाच्या मागे ठेवलं की गळ्याचा सूर कुठे आणि अकॉर्डियनचा कुठे कळेनासं होतं. मी साथीला ड्राय ठेवतो आणि मधल्या म्युझिकला इटालियन. एक लक्षात घ्या, ८ फुटी, म्हणजे मधल्या सप्तकाची, एकच रीड असलेल्या रजिस्टरवर (रजिस्टर म्हणजे कुठल्या रीड वाजणार ते निवडायचं बटण) याचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे क्लॅरिनेट रजिस्टरवर डिट्यून बदलत बसलात तर फरक ऐकू येणारच नाही. बसून (bassoon) नावाचं रजिस्टर, म्हणजे १६ फुटी, हे आपल्या खर्जासारखं, एक सप्तक खाली. रोमँटिक गाण्याच्या संथ तुकड्याला मला तेच सगळ्यात आवडतं.

बेसची बटणं दिसत नाहीत, बोटांनी शोधायची. सी च्या बटणाला खूण असते, तिच्या वर जी, खाली एफ, म्हणजे षड्ज-पंचम षड्ज-मध्यम! एवढं डोक्यात बसलं की पेटीवाल्याला पुढचं अवघड नाही. बेसचा व्हॉल्यूम मात्र मी बराच खाली आणला, नाहीतर तबल्याचा डग्गा झाकला जातो.

गायिकेने काळी पाच पट्टी सांगितली की ट्रान्सपोज (बटण दाबून पट्टी बदलायची सोय) आहेच, पण मी शक्य तेवढं त्या पट्टीत हातानेच वाजवतो, एकाच पट्टीची सवय लागली की दुसऱ्या वाद्यावर अडायला होतं.

अजून एक छान गोष्ट, पट्टीची टकटक, बटणाचा खटका हे आवाजसुद्धा कमीजास्त करता येतात. घरी थोडे ठेवतो, खरं वाद्य हातात असल्यासारखं वाटतं, रेकॉर्डिंगला पूर्ण बंद. हॉलमध्ये लाईन मिक्सरला देताना आतला रिव्हर्ब (घुमारा) काढून टाका, साउंडवाला त्याचा देतोच. आणि जे काही बसवलंय ते यूझर प्रोग्रॅममध्ये सेव्ह करा, यूएसबीवर एक कॉपी ठेवा, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी मेन्यूत शिरायची वेळ येत नाही.