सोलापूरच्या मातीतलं दह्याचं गाडगं

इथली काळी माती एकटी घेतली तर गाडगं टिकत नाही. ओली असताना ती लोण्यासारखी वळते, पण वाळताना फार आकसते. मी दोन पट्ट्या केल्या, दोन्हींवर १० सेंमीची रेघ मारली. वाळल्यावर नुसत्या काळ्या मातीची रेघ ८.७ भरली आणि पट्टी मधोमध तडकली. तळ्यातला गाळ तीन भाग, काळी माती एक भाग आणि चाळलेली बारीक वाळू एक भाग, या मिश्रणाची रेघ ९.३ वर थांबली. तेच प्रमाण पक्कं केलं.

खरा वैरी चुनखडी. मोठे खडे वेचता येतात, पण ज्वारीच्या दाण्याएवढा एखादा राहिला तरी घात होतो. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. पुढे तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि आठवड्याभरात भांड्याचा टवका उडतो, खाली पांढरा ठिपका दिसतो. पहिल्या खेपेची पाचांतली दोन गाडगी अशीच गेली. त्यानंतर माती आधी कडकडीत वाळवली, कारण कोरडं ढेकूळ पाण्यात लगेच फुटतं, ओलसर तसंच राहतं. दोन दिवस भिजवून तो रबडा जुन्या सुती साडीतून गाळला. मग सोलापुरी चादर दुहेरी अंथरून तिच्यावर ओतला. चादर जादा पाणी ओढून घेते, दुसऱ्या दिवशी माती मळायला येते.

एक किलो मातीत साधारण पाऊण लिटरचं गाडगं होतं. तळ आधी चोपून घट्ट करायचा, मग बोटाएवढ्या जाड वळ्या एकावर एक. प्रत्येक सांधा खरवडून त्यावर पातळ चिखल लावायचा आणि आतून-बाहेरून अंगठ्याने पुसून एकजीव करायचा. सांधा नुसता दाबून बसवला तर तो भाजताना उघडतो.

नक्षीला पिंपळाचं पान, शिरा उठून दिसतात ती मागची बाजू मातीकडे. वेळ चुकवू नये: बोटाचा ठसा उमटतो पण माती बोटाला लागत नाही, तेव्हाच. आत तळहाताचा टेकू देऊन पान दाबलं की बारीकसारीक शीरही उतरते. लवकर केलं तर पान रुतून बसतं, उशिरा केलं तर कडेने भेगा पडतात.

एप्रिलमधल्या कोरड्या वाऱ्यात काठ दुपारपर्यंत पांढरा पडतो आणि तळ ओलाच राहतो. एक आकसतं, दुसरं नाही, म्हणून चीर जाते. काठावर ओलसर गोणपाट ठेवलं, तिसऱ्या दिवशी गाडगं उपडं केलं आणि घरातच नऊ दिवस वाळू दिलं. गालाला लावून पाहायचं. गार लागलं तर आत पाणी आहे, भट्टीत घालू नये.

भाजणी खड्ड्यात, गोवऱ्यांवर. आधी दोन तास नुसती धग दिली, नाहीतर उरलेल्या पाण्याची वाफ भांडं फोडते. मग वर-खाली गोवऱ्या रचून पेटवलं आणि रात्रभर हात लावला नाही. गरम भांड्याला वारा लागला की ते टणकन तडकतं. जिथे मोकळी हवा मिळाली तिथे तांबडं, जिथे धूर कोंडला तिथे काळं. मला तो काळा डाग पानाच्या ठशाशेजारी फार शोभतो.

वापरण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवलं, मग भाताची पेज त्यात मंद आचेवर अर्धा तास उकळली. पेजेने छिद्रं बरीच बुजतात, पाझर कमी होतो. रात्री कोमट दूध आणि चमचाभर विरजण. थोडं पाणी माती पिते, त्यामुळे सकाळी दही सुरीने कापावं इतकं घट्ट, कडक भाकरी आणि शेंगाचटणीसोबत घ्यायला. धुताना साबण नको, माती तो शोषते. गरम पाणी, काथ्या आणि नंतर दिवसभर ऊन. म्हणून घरात दोन गाडगी लागतात, एक उन्हात असताना दुसरं विरजणाला.