परकं वाटलं नाही का?

पुण्यात माझी हकीकत ज्यांच्या कानावर येते, त्यांच्यापैकी बहुतेक जण थोडे घुटमळून एकच प्रश्न विचारतात: "इतक्या गोऱ्या माणसांत वाढताना तुम्हाला परकं वाटलं नाही का?" तुम्ही आपुलकीने विचारलंत म्हणून उत्तरही नीट द्यावेसे वाटते.

१९८५ साली, मी साधारण पाच वर्षांची असताना, पुण्यातील एका अनाथाश्रमातून एका स्वीडिश जोडप्याने मला उप्सालाजवळच्या आपल्या गावी नेले. ‘साधारण’ अशासाठी की माझी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. कागदावर १ जून आहे, आणि या तारखेचा अर्थ महाराष्ट्रात शाळेत गेलेल्यांना वेगळा सांगायला नको. परदेशी दांपत्याला मूल दत्तक देण्याची तरतूद तेव्हा भारतीय कायद्यात नसल्यामुळे न्यायालयाने त्यांना १८९० च्या ‘पालक आणि पाल्य’ कायद्याखाली फक्त माझे पालकत्व दिले आणि दत्तकविधान स्वीडनमध्ये झाले. म्हणजे न्यायालयाच्या त्या कागदावर ते दोघे माझे आईवडील नाहीत, केवळ पालक आहेत. "मग खरे आईवडील कोण?" असे कोणी म्हणाले की मला तो कागद आठवतो आणि रागही येतो, कारण कांजिण्या आल्या तेव्हा रात्रभर उशाशी बसलेली बाई माझी आई होती.

घरात मला कधी परके वाटले नाही. मराठी मी वर्षभरातच विसरले, आणि त्याची हळहळ फार उशिरा वाटली. माझ्या केसांना तेल लागते हे मम्माला सांगणारे तिथे कोणी नव्हते, त्यामुळे हिवाळ्यात ते खराट्यासारखे राठ होत. पण ते विंचरताना तिचा हात हलका असे.

"आम्हाला तुझा रंग दिसतच नाही," असे दोघेही मनापासून म्हणत. त्यामागची माया मी नाकारत नाही, पण माझ्या मते त्यांची चूकही तिथेच झाली. त्यांच्यासोबत असताना मी त्यांची मुलगी असे. दुकानात एकटी गेले की गल्ल्यावरची बाई माझ्या हातांवर नजर ठेवी, आणि शाळेत १३ डिसेंबरला लुसिया या स्वीडिश सणाच्या मिरवणुकीत मेणबत्त्यांचा मुकुट दरवर्षी सोनेरी केसांच्याच मुलीला मिळे. हे घरी कसे सांगणार? जो रंग घरात कोणाला दिसतच नाही, त्याबद्दल तक्रार करणे मला कृतघ्नपणाचे वाटे, म्हणून मी गप्प राहत असे.

ऑगस्ट १९९१ ते जानेवारी १९९२ या काळात स्टॉकहोम आणि उप्साला येथे एक माणूस परदेशी दिसणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडत फिरत होता. त्याने ११ जणांना गोळ्या घातल्या आणि त्यांतला एक इराणी विद्यार्थी मरण पावला. काळे केस आणि सावळी कातडी एवढेच त्याला पुरत असे. त्या हिवाळ्यात पप्पा रोज संध्याकाळी बसथांब्यावर येऊन उभे राहू लागले. घरी परतताना ते नेहमी माझ्या रस्त्याकडच्या बाजूने चालत, आणि निघण्यापूर्वी माझी लोकरीची टोपी इतकी खाली ओढत की एकही केस बाहेर राहू नये. रोज का येता, असे विचारले तर अंधार लवकर पडतो, असे सांगत. अंधार त्याच्या आदल्या वर्षीही तितक्याच लवकर पडत असे आणि तेव्हा मी एकटीच येत असे.

मला त्या दिवसांत भीती वाटायला हवी होती, पण खरे सांगायचे तर मला हायसे वाटले, कारण पप्पांना माझा रंग दिसतो हे मला त्या टोपीमुळे कळले. आम्ही मात्र त्यावर चकार शब्द बोललो नाही.

मी पुन्हा मराठी शिकून पुण्यात राहू लागले, त्यानंतर एकदा पप्पा इथे आले असताना मी त्या हिवाळ्याचा विषय काढला. ते बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "बस किती मिनिटं उशिरा येते, ते मी रोज मोजत उभा असायचो."