मावशींचे सात महिने

14 मे 2024, मंगळवार

महापालिकेत मी आस्थापना विभाग, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदींचं काम, बघते. लेखापरीक्षण विभागाकडून आज एका सफाई कामगार मावशींचं पेन्शन प्रकरण परत आलं. वर पेन्सिलीने दोन ओळी: "दि. 1.9.1999 ते 31.3.2000 सेवा पडताळणीची नोंद आढळून येत नाही. खुलासा करावा." म्हणजे त्या सात महिन्यांत मावशी कामावर होत्या, याची खात्री केल्याची नोंद कुठे नाही. मावशी 31 मे रोजी निवृत्त होणार, म्हणजे हातात सतरा दिवस. त्यातही परवा दुपारपासून माझ्या विभागातले निम्मे लोक निवडणुकीच्या कामाला जाणार.

सेवापुस्तक, म्हणजे त्यांच्या सगळ्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, मागवून घेतलं. मावशी 1993 मध्ये सफाई कामगार म्हणून कायम झाल्या. पहिल्या पानावर कृष्णधवल फोटो, डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू. शिक्षण इयत्ता दुसरी. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. खाली हाताच्या बोटांचे ठसे, इतके स्वच्छ की रेषा मोजता येतील.

मग पानं उलटत गेले. वेतनवाढी आहेत, वेतन आयोगाची निश्चिती आहे, अर्जित रजेचा हिशोब 1 जानेवारी आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा दिवस जमा करून नीट ठेवला आहे. 1999 मध्ये त्यांची एका प्रभाग कार्यालयातून दुसऱ्यात बदली झाली. जुन्या कार्यालयाने 31 ऑगस्टपर्यंतची सेवा पडताळली, नव्याने 1 एप्रिल 2000 पासूनची. मधल्या सात महिन्यांचं पान कोरं. दोन्ही कार्यालयांना वाटलं असणार की ती नोंद समोरचा घेईल.

पंचवीस वर्षांत ते पुस्तक किती टेबलांवरून गेलं असेल. गेली चार वर्षं ते माझ्याच कपाटात होतं. नियमाप्रमाणे निवृत्तीच्या दोन वर्षं आधी पुस्तक तपासायला घ्यायला हवं होतं. आम्ही ते जानेवारीत घेतलं, आणि घेतल्यावरही माझ्या नजरेतून हे पान निसटलं. ही चूक माझी आहे.

15 मे, बुधवार

आमच्या खात्यात मे महिना वेगळाच असतो. 31 मेला निवृत्त होणाऱ्यांची यादी वर्षातली सगळ्यात लांब. कारण साधं आहे. गावाकडे पोराला शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही, गुरुजी 1 जून मांडून मोकळे व्हायचे. महिन्याच्या 1 तारखेचा जन्म असला की माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे जे शाळेत एका दिवशी जन्मले ते सेवेतून एका दिवशी जातात. गट 'ड' (सफाई कामगार, शिपाई वगैरे) साठीला, बाकीचे अठ्ठावन्नाला. यंदा आमच्याकडे 23 जण आहेत, त्यातले 15 जण 1 जूनचे. मावशीही त्यातल्याच, 1 जून 1964.

जन्मतारीख बदलून घ्यायचे अर्जही याच महिन्यात येतात. सेवेत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला नसेल तर सहसा काही करता येत नाही. तीस वर्षं झाडू मारलेल्या माणसाला हे सांगताना जड जातं, कारण त्या पाच वर्षांत हा नियम त्याला कुणी सांगितलेलाच नसतो.

17 मे, शुक्रवार

दिवसभर निवडणूक. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 159 प्रमाणे आम्हाला कर्मचारी द्यावेच लागतात आणि द्यायलाही हवेत. पण ड्यूटी रद्द करण्याचे अर्ज पहिल्यांदा माझ्या टेबलावर येतात. आज एक लिपिक आली, बाळ पाच महिन्यांचं. एकाची मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झालेली. रद्द करण्याचा अधिकार माझा नाही, मी फक्त शिफारस करू शकते. दोघांच्या अर्जांवर स्वतः टिप्पणी लिहिली आणि शिपायाला निवडणूक कार्यालयात पाठवून हातोहात पोच आणवली. टपालात टाकले असते तर सोमवारी मतदान उरकल्यावर पोचले असते.

रिक्त जागांमुळे ही ओढाताण होते. आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या आराखड्यात, पदं मंजूर आहेत, पण आस्थापना खर्च, म्हणजे पगारावरचा खर्च, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या वर गेला की नव्या भरतीला हात लावता येत नाही. जे आहेत त्यांच्यावर दोन-दोन टेबलं. मग पडताळणीसारखं काम, ज्याच्यासाठी कुणी फोन करून विचारत नाही, ते मागे पडतं. मी ही सबब म्हणून लिहीत नाहीये. 1999 मध्ये असंच झालं असेल, एवढंच मनात आलं.

18 मे, शनिवार

सुट्टी असूनही सकाळी सव्वासहाला हजेरी शेडवर गेले. पेन्शनच्या नमुन्यांवर मावशींच्या सह्या हव्या होत्या आणि त्यांना कार्यालयात बोलावलं की त्यांचा अर्धा दिवस जातो.

शेडबाहेर हातगाड्या लावलेल्या, नालेसफाईचे गमबूट रांगेत. मुकादम हजेरी घेत होते. मशीनवर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागायचा, मग पुढचा. मावशींची पाळी आली. अंगठा ठेवला, लाल. पुसून ठेवला, लाल. दुसरं बोट, तिसरं बोट. चौथ्या वेळी मुकादमांनी न बोलता वही पुढे केली आणि मावशींनी सही केली. त्यांना विचारलं, रोज असंच होतं का. म्हणाल्या, "मॅडम, झाडूनं रेषा खाल्ल्या. नवीन पोरींचं घेतंय, आमचं म्हातार्‍यांचं न्हाई घेत."

पहिल्या पानावरचे ते 1993 चे ठसे डोळ्यांसमोर आले. त्या क्षणी काही बोलता आलं नाही. परत येऊन आधी घनकचरा विभागाला पत्र लिहिलं: ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांची वहीतली हजेरी ग्राह्य धरावी, त्या कारणाने कोणाचाही पगार कापू नये, आणि चेहरा ओळखणारं यंत्र येईपर्यंत ही वही जपून ठेवावी. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. पंचवीस वर्षांनी ती वही कुणाला तरी लागणार आहे.

सह्या करताना मावशींनी विचारलं, "माझं काम व्हईल ना?" मी सात महिन्यांचं सांगितलं. त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "तवा मी मच्छी मार्केटच्या मागल्या गल्लीत व्हते. एक खाडा न्हाई. थोरल्याला गोवर आली तवा बी त्याला बाजूच्या आजीकडं टाकून आले व्हते." त्यांना एकेक दिवस पाठ आहे. आमच्या पुस्तकात तोच नाही.

तिथेच कंत्राटी मुलींची वेगळी रांग होती. त्यांचे झाडू वेगळे, जॅकेटचा रंग वेगळा. त्यांतल्या एकीने विचारलं, "मॅडम, आमचं पण असं पुस्तक असतं का?" नसतं, म्हणाले. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

21 मे, मंगळवार

काल मतदान झालं. आज विभागात तिघंच. मी जुन्या प्रभाग कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर खडूने साल लिहिलेलं. 1999 चे तीन सापडले. एकाला वाळवी लागलेली, दुसरा पावसाच्या पाण्याने एकजीव झालेला. तिसऱ्यात 1999-2000 चं मस्टर, म्हणजे हजेरीपट, होतं.

ऑक्टोबर 1999 च्या पानावर हात थांबला. मावशींचं नाव जुन्या प्रभागाच्या मस्टरमध्ये लाल शाईने खोडून शेजारी "बदली" लिहिलं होतं. म्हणजे तोवर त्या नव्या ठिकाणी गेलेल्या. पण सप्टेंबरच्या पानावर त्यांच्या सह्या होत्या. चौकटीत न मावणारी मोठी अक्षरं, एकेक अक्षर जोर देऊन काढलेलं, खालच्या माणसाच्या रकान्यात उतरलेलं. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईने रोज पहाटे अंधारात घातलेली सही. सप्टेंबर मिळाला. एक महिना झाला.

उरलेल्या सहा महिन्यांसाठी नव्या प्रभागात गेले. तिथलं मस्टर नाहीच. पगार बिलांच्या प्रती लेखा विभागात असतील म्हणून तिकडे फोन केला.

24 मे, शुक्रवार

लेखा विभागातल्या एका सहकाऱ्याने काल बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीच्या दिवशी येऊन नोव्हेंबर ते मार्चची बिलं काढून ठेवली. निवृत्तीला स्वतःची दोन वर्षं राहिलेला माणूस. कुणी सांगितलं नव्हतं. मी आभार मानले तर म्हणाला, "अहो, आपलं पण पुस्तक कुणीतरी असंच उघडणार आहे."

आता ऑक्टोबर तेवढा राहिला. बिल नाही, मस्टर नाही. मग आठवलं की भविष्य निर्वाह निधीची कपात दर महिन्याला खतावणीत चढते. खतावणी मागवली. ऑक्टोबर 1999 समोर कपात आहे. पगार झाल्याशिवाय कपात होत नाही आणि हजेरी असल्याशिवाय पगार होत नाही. त्या पानाची साक्षांकित प्रत घेतली. जोडीला त्या काळात मावशींबरोबर काम केलेल्या दोन कामगारांचे जबाब घेतले.

एवढा आटापिटा कशासाठी, असं आज एका तरुण लिपिकाने विचारलं, मनापासून विचारलं. त्याला समजावून सांगितलं. हा काळ सेवाखंड धरला गेला तर त्याआधीची सहा वर्षंही हिशोबातून जायची भीती. उपदानात, म्हणजे ग्रॅच्युइटीत, प्रत्येक पूर्ण सहामाहीमागे पाव महिन्याचा पगार असतो, तो तेवढा कमी. आणि आक्षेप मिटेपर्यंत पेन्शनचं प्रकरण पुढे जात नाही, फार तर तात्पुरतं निवृत्तिवेतन. 1 जुलैला मावशींना घरात पगार दिसायला हवा. नवरा नाही, थोरला रिक्षा चालवतो, धाकटा बी.कॉम. झालेला.

सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याच्या लाड-पागे समितीच्या शिफारशी आहेत, त्यांप्रमाणे धाकट्यासाठी वारसा हक्काचा अर्ज आहे. त्याबाबतचा 24 फेब्रुवारी 2023 चा शासन निर्णय आम्ही टेबलाच्या काचेखालीच ठेवला आहे, इतक्या वेळा लागतो. मावशींच्या मनात काय आहे ते त्यांनी शेडवर सांगितलं होतं: "नोकरी पाहिजे, मॅडम. झाडू नको." मला ते बरोबर वाटतं. वारसा हक्काने आलेलं पोरगं शिकलेलं असेल तर त्याला टेबलावर पुढे जायची वाट आपण दाखवायला हवी. रिक्त जागा आणि पात्रता पाहून पदोन्नतीची यादी वेळच्या वेळी लावली तर ती वाट खरी होते. यादी लांबली तर बी.कॉम. झालेला मुलगा पंधरा वर्षं त्याच गल्लीत राहतो. हेही पुन्हा आमच्याच कपाटातलं काम.

28 मे, मंगळवार

प्रकरण लेखापरीक्षणाकडून मंजूर होऊन आलं. सात महिन्यांची पडताळणी मी माझ्या हाताने लिहिली, खाली कागदांचे संदर्भ दिले, उपआयुक्तांची सही घेतली. लिहायला चार मिनिटं लागली. 1999 मध्येही तेवढीच लागली असती.

आज कंत्राटी मुलींचं मनातून जात नव्हतं. त्यांना पुस्तक नाही, पण कागद आहेत, आणि ते तपासणं आमचं काम आहे. कंत्राटी कामगार अधिनियम 1970 प्रमाणे ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे महापालिकेवर येते. मुंबईच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये कायम करायला लावलं, त्यामागे वर्षानुवर्षांचा लढा होता. अशा लढ्यात आपण अमुक ठिकाणी, अमुक दिवशी काम केलं हे कामगाराला दाखवावं लागतं, आणि ते दाखवणारा कागद बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतो. म्हणून घनकचरा विभागाला लिहिलं की ठेकेदाराच्या बिलाबरोबर प्रत्येक कामगाराचं हजेरीपत्रक, बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा आणि भविष्य निर्वाह निधीचं चलन आल्याशिवाय बिल पुढे पाठवू नये, आणि हजेरीपत्रकाची एक प्रत आस्थापनेत ठेवावी. उपआयुक्त म्हणाले, कपाटं कुठून आणायची? मी म्हटलं, माझ्या खोलीत ठेवते.

31 मे, शुक्रवार

चार वाजता सभागृहात निरोप समारंभ. 23 जण, शाल आणि श्रीफळ. मावशींच्या हातात निवृत्तीचा आदेश, उपदानाच्या मंजुरीचा कागद आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत दिली. त्यांनी बाकीचं पिशवीत ठेवलं आणि पुस्तक उघडून पहिल्या पानावरचा फोटो बराच वेळ पाहिला. "ही मी?" मग शेजारच्या बाईला दाखवला. मग तिच्या शेजारच्या.

जाताना म्हणाल्या, "उद्या पाचला जाग येईलच. मग काय करू गं?" त्यांनी मला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं नाही. मी हात धरून दारापर्यंत सोडायला गेले. तळवा खरखरीत, गरम.

सभागृह रिकामं झाल्यावर उपआयुक्तांनी टिप्पणीवर सही केली: सर्व प्रभाग कार्यालयांनी 31 जुलैपर्यंत सगळ्या सेवापुस्तकांतली पडताळणी पूर्ण करावी, बदली झालेल्यांची आधी. मी थांबून 2026 च्या यादीतलं पहिलं पुस्तक काढलं. उद्यान विभागातल्या माळीदादांचं. 2008 मध्ये बदली आहे. जून ते ऑगस्टचं पान कोरं आहे.