खरवडण्याआधी एक बोळा

जुने मँडोलिन हाती आले, तेव्हा त्याची तबली, म्हणजे तारांखालची लाकडी फळी, काळवंडली होती आणि वाजवणाऱ्याचा हात जिथे टेकतो तिथले पॉलिश झिजून कोरडे लाकूड उघडे पडले होते. सगळे खरवडून नव्याने चकचकीत करावे, हा मोह झालाच. (हातात पॉलिश पेपर असलेल्या माणसाला दुसरे काही सुचत नाही.)

तारा अडकवण्याच्या पत्र्याखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवला. काही क्षणांतच तो तपकिरी झाला आणि ती जागा बोटाला चिकट लागू लागली. म्हणजे पॉलिश लाखेचे होते. वाद्यांवर 1920च्या दशकापासून रुळलेले नायट्रोसेल्युलोज लॅकर इतक्या सहज स्पिरिटला दाद देत नाही, त्याला थिनर लागतो. लाखेचा नवा थर मात्र जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे खरवडण्याचे कारणच उरले नाही.

पॉलिशला हात लावण्याआधी बोटाच्या पेराने तबली ठोकून पाहिली, तर एका जागी भरीव नादाऐवजी खरखर ऐकू आली. आतली आडवी पट्टी एका टोकाला सुटली होती. आठ तारांचा ताण मिळून सुमारे 70 ते 80 किलो भरतो आणि त्यातला जो भाग तारा ज्यावर टेकतात त्या घोडीतून तबलीवर दाबला जातो, तो हीच पट्टी पेलते. जुना सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ) कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून पुसला, नवा सरस पाण्याच्या भांड्यात ठेवून सुमारे 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, आणि नादछिद्रातून बोटे घालून तो पट्टीखाली सरकवला. हल्लीचे गोंद पक्के असतात, पण पुढच्या दुरुस्तीला ते सहज सुटत नाहीत. सरस ऊब आणि ओल मिळताच सुटतो, म्हणून मला तोच योग्य वाटतो.

लाख चढवताना मात्र मी चुकलो. मलमलीचा बोळा जास्त ओला होता, तो मधेच क्षणभर थांबला आणि उचलताना खालचा थर घेऊनच वर आला. दोन दिवस सुकू दिल्यावर तो व्रण बारीक पेपरने घासला आणि जवळजवळ कोरड्या बोळ्याने, तेलाचा एकच थेंब लावून, गोल गोल फिरवत पुन्हा भरला. हात टेकून झिजलेली जागा आजही आजूबाजूपेक्षा थोडी फिकट दिसते. तिला गडद रंग देण्याचे मी मुद्दाम टाळले आहे.