असई डायोरामा: केळणा अजून चिकटच

असईच्या लढाईचा (1803, जनरल वेलस्लीचे इंग्रज विरुद्ध मराठे) छोट्या पुतळ्यांचा देखावा करतोय, त्यातली केळणा नदी पारदर्शक रेझिन ओतून. नवव्या दिवशी बोट टेकवलं आणि ठसा उमटला. तिसरा पोअर, म्हणजे ओतलेला थरही वाया.

याआधीचा देखावा, अहमदनगरचा तट (12 ऑगस्ट 1803), इथे दाखवला तेव्हा मीच फुशारकी मारली होती, नदी म्हणजे दोन दिवसांचं काम. आधी खापर पावसावर फोडलं. जुलैतली ठाण्याची हवा, रेझिनवर साय धरणारच. मग खोक्यात साठचा बल्ब, सिलिका जेलच्या पुड्या, बाटल्या कोमट पाण्यात. साय गेली, चिकटपणा तसाच. दुकानदार म्हणतो, ‘पावसाळ्यात असंच होतं, साहेब.’ काल बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर भिंगातून वाचलं: रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर, 2:1 हे प्रमाण मापाने, वजनाने नव्हे! मी आपला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतोय. हार्डनर वजनाला हलका, म्हणजे दर वेळी जास्तच पडत होता. आता औषधाच्या सिरिंजा आणल्यात. त्या महागड्या मिक्सिंग कपांपेक्षा शंभर पटीने बऱ्या. चाचणीचा तुकडा 24 तासांत टणक, नखाने टकटक वाजतो. दिवसभर वाजवत बसलो.

खरवडताना तळ उखडला, पण माझी ती निळी छटाही गेली, बरंच झालं. 23 सप्टेंबरची केळणा निळी कुठली? रॉ अंबरचा (मातकट तपकिरी रंग) एक थेंब, बास. मागच्या काठांवर समोरासमोर दोन गावं हवीतच. वाटाडे उतार (नदी पायी ओलांडायची जागा) नाही म्हणत होते, वेलस्लीने ती गावं पाहूनच ताडलं की मध्ये उतार असणार.

ऑर्डर्ली ड्रॅगून, म्हणजे वेलस्लीच्या दिमतीचा घोडेस्वार, मात्र जमला. उताराशीच तोफगोळ्याने त्याचं मुंडकं उडालं, तरी धड खोगिरावर तसंच. मान कापून ग्रीन स्टफ (पुतळ्यांची पुटी) लावलं, बिथरलेल्या घोड्याच्या डोळ्यातला पांढरा ठिपका पहिल्याच फटक्यात बसला.

आणि हे लिहिता लिहिता लक्षात आलं: मी वेलस्लीला नदीत डायोमीड या त्याच्या घोड्यावर बसवलाय! नदी ओलांडल्यावर लढाईत पहिला घोडा गोळी लागून पडला, त्यानंतर तो डायोमीडवर चढला. डायोमीडला भाला लागला तो तोफा परत घेताना. म्हणजे घोडा बदला, किंवा... नाहीच. नदीत फक्त ड्रॅगून आणि मागची रांग. डायोमीडला वेगळा बेस: मेल्याचं सोंग करून पडलेले शिंद्यांचे गोलंदाज उठून तोफा पुन्हा फिरवताहेत, तो क्षण. आडगाव आणि गाविलगड या पुढच्या लढायांचे देखावे थांबतील.

28 मिमी आकाराच्या पुतळ्यांत आडवे पडलेले गोलंदाज कुणी पाहिलेत का? नाहीतर उभ्यांचे गुडघे कापावे लागतील.