मंडईतला वाघ

काल आईला म्हटलं, उद्या मंडाईला जायचंय. तिने निघताना खरंच कापडी पिशवी घेतली. सिंगापूरमधलं प्राणिसंग्रहालय ज्या भागात आहे त्याचं नाव मंडाई, त्याला मी काय करणार! (पिशवी कामाला आली. छत्र्या, ठेपले, लेकाचा ओला टीशर्ट.)

१९७३ साली सुरू झालेलं हे झू. पिंजऱ्याचे गज जवळजवळ नाहीतच. मध्ये पाण्याचे चर, खोलगट खंदक, तेही झाडोऱ्यात असे लपवलेले की पटकन दिसत नाहीत. पांढऱ्या वाघासमोर आई माझा दंड धरून उभी. "अगं, हा पोहत आला तर?" वाघाला पोहता येतं हे तिला मीच हौसेनं सांगितलं होतं, भोगा आता.

ओरांगउटान डोक्यावरच्या दोरांवरून निवांत चाललेले. एकीच्या पोटाला पिल्लू घट्ट चिकटलेलं. मुलगा मान वर करून बघत राहिला, आइस्क्रीम मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी पत्ता नाही.

पण माझा जीव अडकला फ्रॅजाइल फॉरेस्टमध्ये. जाळीखालचं छोटं जंगलच ते. मोठ्ठं वटवाघूळ, हातभर अंतरावर, उलटं लटकून फळ खातंय. कोल्ह्यासारखं तोंड, तपकिरी डोळे, पंख अंगाभोवती शालीसारखे लपेटलेले. आई म्हणाली, "आपल्या वडावर असायची ही. लहानपणी जाम घाबरायचे. तोंड किती गोड असतं हे कधी बघितलंच नव्हतं."

मग पाऊस आला, धो धो. ठेपले बसस्टॉपवर खाल्ले.